जुगार सुटल्याचा हिशेब मांडताना या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर पैसा हंगामाने येतो, आणि जुगार सोडू पाहणाऱ्या माणसाची स्वतःविषयी सर्वांत मोठी फसगत होते ती या हंगामामुळेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, खलाशाच्या हाती वाटा येत नाही, आणि त्या काळात मटक्याचा आकडा लावला नाही किंवा मोबाईलवर रमी खेळली नाही, एवढ्यावरून तो आपण सुटलो असे धरून चालतो. हाती पैसा नसताना न खेळणे ही प्रगती नव्हे. ऑगस्टमध्ये पहिला वाटा मिळाल्यावर, किंवा बागायतदाराला वाशीच्या दलालाकडून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, आल्यावर, ते पैसे कोठे गेले हे वहीत लिहावे, आणि पैसा हाती असूनही न खेळलेले दिवस तेवढे मोजावेत.

कर्जाची यादी करतानाही माणूस स्वतःला फसवतो. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या गॅम्बलर्स ॲनॉनिमस या जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या बारा पायऱ्यांपैकी चौथी पायरी नैतिक आढाव्याबरोबरच पैशांचाही आढावा घ्यायला सांगते. पतपेढीचे कर्ज आणि गहाण पडलेले दागिने सहसा लिहिले जातात. आईच्या औषधांचे निमित्त सांगून शेजाऱ्याकडून आणलेली रक्कम मात्र लाजेपोटी वगळली जाते, आणि तीच गुपचूप फेडण्यासाठी 'एक शेवटचा डाव' सुचतो. म्हणून यादी पत्नीला किंवा वडीलधाऱ्या माणसाला वाचायला द्यावी. मुंबईच्या चाकरमानी भावाने सगळे देणे एकरकमी फेडून टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो भार हप्त्याहप्त्याने स्वतः उचलल्याशिवाय नुकसानीचा खरा आकार कळत नाही.

गणपतीच्या जागरणातले पत्ते म्हणजे जुगार नव्हे, असे म्हणणारे घरोघर भेटतील. सावरणाऱ्या माणसाने पैसे लावलेला डाव, रक्कम कितीही लहान असो, टाळावाच. त्या रात्री भजनाला बसावे.

पुन्हा हात गेलाच, तर आधीचे सगळे वाया गेले असे मानून आणखी खेळणे, किंवा घडलेले लपवणे, या दोन्ही चुका सारख्याच घातक आहेत. आदल्या दोन दिवसांत पैसे कोठून आले, भांडण कोणाशी झाले, दारू घेतली होती का, हे त्याच दिवशी लिहावे आणि घरात सांगावे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ पासून जुगाराचा विकार दारूच्या व्यसनाच्याच गटात ठेवला आहे, तेव्हा उपचार घेण्यात कमीपणा नाही. जीव नकोसा वाटू लागला, तर एक दिवसही न थांबता टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा मोफत आहे आणि दिवसरात्र चालते. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना ती वही सोबत न्यावी, कारण कधी, किती आणि कशानंतर खेळलो, हेच डॉक्टर आधी विचारतात.