एफसी रिसेप्टर शिकताना माझे जिथे अडले

नागपूरच्या ऐन मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मला विचारले गेले की रक्तद्रवाच्या एका मिलिलीटरमध्ये साधारण 10 मिलिग्रॅम आयजीजी हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) असताना मॅक्रोफेज, म्हणजे जीवाणू गिळणाऱ्या पेशी, अहोरात्र खवळलेल्या का नसतात. प्रतिपिंडाचे फॅब टोक जीवाणूला धरते आणि एफसी शेपूट पेशीवरील एफसी रिसेप्टर या प्रथिनाला, एवढेच मला पाठ होते. मी गप्प राहिले.

तुम्हीही इथेच फसाल, म्हणून सविस्तर लिहिते. शेपूट रिसेप्टरला लागले की पेशी जागी होते, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात मॅक्रोफेजवरचा सीडी64 हा एफसी रिसेप्टर सुटे आयजीजीदेखील घट्ट धरून ठेवतो आणि तरीही पेशी शांत असते. जीवाणूच्या अंगावर अनेक प्रतिपिंडे दाटीने बसली की त्यांच्या शेपट्यांना लागलेले अनेक रिसेप्टर एका जागी ओढले जातात, आणि असे जवळ आल्यावरच त्यांच्या आतल्या बाजूच्या आयटॅम नावाच्या, पेशीला चेतवणाऱ्या भागांवर फॉस्फेट चढते, सिक नावाचे विकर तिथे येऊन बसते आणि पेशी जीवाणूला गिळू लागते. ॲलर्जी घडवणाऱ्या मास्ट पेशीचेही तसेच आहे: तिच्यावर आयजीई हे दुसऱ्या प्रकारचे प्रतिपिंड आठवडेच्या आठवडे बसून असते, पण ॲलर्जीकारक पदार्थ दोन शेजारच्या आयजीईंना जोडेपर्यंत काहीही घडत नाही. मला हे मास्ट पेशीवरूनच उमगले, त्यामुळे तुम्हीही तिथूनच सुरुवात करावी.

सीताबर्डीवरून आणलेल्या झेरॉक्स नोट्समध्ये सीडी16, सीडी32, सीडी64 या एफसी रिसेप्टरांचा तक्ता असतो. तो पाठ करून लेखी परीक्षा निघते, तोंडी निघत नाही. तक्ता विचारणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा कोरा कागद पुढे सरकवून चित्र काढायला लावणारी सीनिअर ताई शोधा, हे माझे ठाम मत आहे. पहिली चार चित्रे चुकतील; माझी त्याहून अधिक चुकली होती.

सीडी32बी हा मात्र आयटिम, म्हणजे पेशीला थोपवणारा भाग, असलेला ब्रेक आहे, त्याला इतरांच्या रांगेत बसवू नका. तसेच रिसेप्टर नेहमी आपल्याच बाजूने असतो असेही लिहू नका. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण वाढतात. एकदा डेंग्यू होऊन गेल्यावर त्याच्या वेगळ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास आधीची अपुरी प्रतिपिंडे विषाणूला निष्प्रभ न करता एफसी रिसेप्टरमार्गेच पेशीत नेऊन सोडू शकतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू तर आपल्या प्रोटीन-ए या प्रथिनाने प्रतिपिंडाचे शेपूटच पकडतो, त्यामुळे मॅक्रोफेजच्या हाती काही लागत नाही.