पाऊण वारातून एक तृतीयांश वार कापला, तर उरलं किती?

माझी भाची पाचवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्या शिलाई मशीनशेजारी वही घेऊन बसली होती. मी काज करता करता सहज डोकावले, तर वहीत लिहिलेलं होतं: ३/४ − १/३ = २/१ = २. वरच्यातून वरचा वजा, खालच्यातून खालचा वजा. बऱ्याच मुलांचं इथेच चुकतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. बेरीज-वजाबाकी अशीच उभ्या रांगेत करायची सवय त्यांना आपणच लावलेली असते.

मी वही मिटवली. अस्तराचं कापड उरलं होतं, त्यातलं पाऊण वार तिला मोजून दिलं. वार म्हणजे ३६ इंच, म्हणजे पाऊण वार २७ इंच. नऊवारी, सहावारी म्हणतो तोच हा वार. मग म्हटलं, यातून एक तृतीयांश वार, म्हणजे १२ इंच काप. तिने खडूने खूण केली, कापलं आणि उरलेलं टेपने मोजलं. १५ इंच. दोनदा मोजलं. "मावशी, वहीत तर दोन वार उरलेत!"

तुमच्या मुलाला शिकवताना पहिली पाच मिनिटं अशीच घालवा. कापड नसेल तर ३६ इंचांची कागदी पट्टी चालेल. उत्तर डोळ्यांनी दिसल्याशिवाय रीत सांगू नका.

आता रीत. छेद हे तुकड्याचं माप आहे आणि अंश म्हणजे तसे किती तुकडे घेतले ते. चार छेदाचा तुकडा ९ इंचांचा, तीन छेदाचा १२ इंचांचा. नऊ-नऊ इंचांचे तीन तुकडे हातात असताना त्यातून बारा इंचांचा एक तुकडा सरळ उचलून कसा देणार? आधी सगळे तुकडे एका मापाचे करायला हवेत. तीन इंचांचं माप दोघांनाही चालतं: नऊ इंचांत असे तीन बसतात, बारा इंचांत चार बसतात, आणि अख्ख्या वारात बारा. म्हणून ३/४ चे झाले ९/१२ आणि १/३ चे झाले ४/१२. नऊ तुकड्यांतून चार गेले, पाच उरले. ५/१२ वार. पाच त्रिक पंधरा इंच, टेपवर आले तेवढेच.

वजा करायचे ते फक्त अंश. छेद तसाच राहतो, कारण तुकड्याचं माप बदललेलं नाही. हे वाक्य मी भाचीकडून तीनदा म्हणून घेतलं.

बारा हा आकडा आला कुठून? तोच लसावि, म्हणजे दोन्ही छेदांनी भाग जाणारा सगळ्यात लहान आकडा. शाळेत तो अवयव पाडून काढतात, पण मला सोपं वाटतं ते असं: मोठ्या छेदाचा पाढा म्हणत जा आणि लहान छेदाने भाग जाणारा पहिला आकडा आला की थांबा. समजा ७/८ − ५/१२ करायचंय. बारा एके बारा, आठाने भाग जात नाही. बारा दुणे चोवीस, जातो. छेद २४. आठाचे चोवीस करायला तीनने गुणलं, म्हणून वरचे सातही तीनने गुणायचे: २१. बाराला दोनने गुणलं, म्हणून पाचाचे १०. उत्तर ११/२४. खाली गुणलं आणि वर विसरलं, ही दुसरी नेहमीची चूक. कापड तेवढंच राहायला हवं असेल तर वर-खाली एकाच आकड्याने गुणावं लागतं.

दोन्ही छेदांचा थेट गुणाकार केला तरी उत्तर चुकत नाही. ८४/९६ − ४०/९६ = ४४/९६, आणि चारने संक्षिप्त रूप दिलं की तेच ११/२४. फक्त आकडे मोठे होतात.

एक छेद दुसऱ्यात बसत असेल तर काम आणखी हलकं. अडीच इंचांतून ७/८ इंच दुमड गेली. अडीच म्हणजे २०/८, त्यातून ७/८ गेले, १३/८ उरले, म्हणजे १ पूर्णांक ५/८. इंचाचे आठ भाग केलेल्या टेपवर हे बोटाने मोजता येतं.

आमच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. भाचीने तो सहलीत पाहिलाय, म्हणून तिला सांगितलं की त्यांच्या इ.स. ११५० च्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात समच्छेद करायला, म्हणजे छेद सारखे करायला, असंच एक उदाहरण दिलंय: १/१४ आणि १/६३, वजाबाकीसाठी. त्रेसष्टचा पाढा म्हण. त्रेसष्ट दुणे १२६, आणि चौदा नव्वे १२६. म्हणजे ९/१२६ − २/१२६ = ७/१२६ = १/१८. हे तिने एकटीने सोडवलं आणि आजीला नेऊन दाखवलं.

खरी अडचण येते ती पूर्णांक सोबत असताना. सव्वापाच वार कापडातून २ पूर्णांक २/३ वार गेलं. समच्छेद केल्यावर ५ पूर्णांक ३/१२ वजा २ पूर्णांक ८/१२. तीनमधून आठ जात नाहीत. मुलं इथे उलटं करतात, आठातून तीन वजा करून मोकळी होतात. तसं करू देऊ नका. पाच वारांतला एक वार उलगडा. हातचा घेताना शेजारून दहा येतात, इथे मात्र बारा येतात, कारण आपल्या वारात तुकडे बारा आहेत. १२ आणि ३ मिळून १५. आता ४ पूर्णांक १५/१२ वजा २ पूर्णांक ८/१२. उरलं २ पूर्णांक ७/१२.

भाचीला हातचा बारा पटेना. मग तिने सगळ्याचे इंच केले: १८९ वजा ९६, ९३ इंच. त्यातून दोन वारांचे ७२ काढले, २१ राहिले. तीन-तीन इंचांच्या खुणा करत गेली आणि मोजले: सात.