आधी आजीचं ऐका, मग सरकारी कागद वाचा

युद्धात होरपळलेल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मी रेकॉर्ड करते. बोलावणं बहुतेकदा येतं ते एखाद्या सरकारनं दोन-तीन पिढ्यांनंतर आपल्या जुन्या अत्याचारांबद्दल तोंड उघडलं की. बातमी झळकते आणि नातवंडांना जाग येते. माझं पहिलं सांगणं एवढंच असतं, की ती बातमी आजीला वाचून दाखवू नका, आधी तिचं ऐका. सरकारी तारीख नि आकडा एकदा कानावर पडला की माणूस नकळत आपली आठवण त्याला जुळवून घेतो.

‘किती जणांना मारलं?’ हा प्रश्न टाळा. दाराच्या फटीतून बघणाऱ्या पोरीनं मोजदाद थोडीच केली असणार! कागद-पेन्सिल पुढे ठेवा आणि घर काढायला सांगा. ‘मला काही आठवत नाही’ असं घोकणाऱ्या एका आजींनी चौकोन काढला, विहिरीचा गोल काढला आणि पेन्सिल मागच्या भिंतीपाशी टेकवली. शिपाई इथून आले, म्हणाल्या. मग कोण कुठे झोपलं होतं, कुणाला आधी उठवलं, सगळं ओळीनं आलं. तो कागद जपून ठेवा, मागे तारीख घाला. मध्ये गप्प बसल्या तर बसू द्या, रेकॉर्डर चालूच राहू दे. नको म्हणाल्या तर मात्र लगेच बंद करा.

तारीख आठवत नसेल तर पत्रं कधी थांबली ते विचारा. रशियातल्या कातीनच्या हत्याकांडाचंच बघा. 1940 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी जवळजवळ 22 हजार पोलिश कैदी मारले आणि पुढे हे 1941 मध्ये जर्मनांनी केलं असा आळ घेतला. पण कैद्यांची पत्रं 1940 च्या वसंतातच बंद झाल्याचं घरोघरी माहीत होतं. मॉस्कोनं कबुली दिली 1990 मध्ये, तीही गुप्त पोलिसांचा तेव्हाचा प्रमुख बेरिया आणि त्याच्या माणसांवर ढकलून. स्टालिनची सही असलेला, या हत्येचा ठराव बाहेर आला 1992 मध्ये. म्हणून पहिल्या कबुलीवर फाइल मिटू नका.

कबुली वाचताना मी भावनेचा भाग सोडून देते. कृत्य, जागा आणि तारीख स्पष्ट लिहिलीय का? हुकूम कुणाचा होता? कागदपत्रं खुली होणार का? पैसे कुणाला? शेवटच्या प्रश्नात घरं फसतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबल्याबद्दल अमेरिकेनं 1988 च्या कायद्यानं माफी मागितली, माणशी 20 हजार डॉलर दिले. पण कायद्यावर सही झाली त्या दिवशी जे हयात होते त्यांनाच. त्याआधी गेलेल्यांच्या मुलांच्या हाती काहीच नाही. तेव्हा अटी बारकाईनं वाचा. जन्माचे दाखले, छावणीची कार्डं, जुनी पाकिटं आधीच गोळा करून ठेवा.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर? दोन्ही जसंच्या तसं ठेवा. इंडोनेशियातल्या रावागेडे गावात डच सैन्यानं 1947 मध्ये पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. गाव 431 म्हणतं, डच सरकारचा आकडा साधारण 150. वाद मिटला नाही, तरी 2011 मध्ये हेगच्या न्यायालयानं विधवांच्या बाजूनं निकाल दिला. आकडा पटेना म्हणून आजीला खोटं पाडायचं काहीच कारण नाही.

आणि ‘कागदच नाहीत’ या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. केनियात ब्रिटिश राजवटीविरुद्ध झालेल्या माऊ माऊ बंडाच्या काळात छळ झालेल्यांनी खटला भरला, तेव्हा कुठे ब्रिटिश सरकारला इंग्लंडमधल्या हॅन्सलोप पार्क या सरकारी ठिकाणी दडवलेल्या वसाहतींच्या फायली असल्याचं 2011 मध्ये मान्य करावं लागलं. 2013 मध्ये 5,228 जणांसाठी 1 कोटी 99 लाख पौंडांची तडजोड झाली. अर्ज लेखीच करा, पोच घ्या, नकारही लेखी मागा.

हे सगळं झालं की आजीला विचारा, सरकार काय म्हणालं ते ऐकायचंय का. काही जणी नको म्हणतात.