घरच्या नॅससाठी ईसीसी रॅम घेताय? आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा

मागच्या वेळी मी जो घोळ घातला तो तुम्ही घालू नये म्हणून लिहितेय. घरातले सगळे फोटो, आजीच्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज, बाबांनी स्कॅन केलेली कागदपत्रं एका जागी राहावीत म्हणून नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा फाइल सर्व्हर बांधला, चार डिस्क, वर झेडएफएस ही फाइल सिस्टीम, आणि साध्या रॅमपेक्षा चांगले जास्त पैसे मोजून ईसीसी रॅम, म्हणजे जादाचे बिट ठेवून चुका पकडता येणारी रॅम. पहिल्या बटणात मशीन चालू. मी खूश. चौदा महिन्यांनी सहज तपासलं तर ईसीसी बंद! रॅम ईसीसीची होती, मदरबोर्डही ईसीसीवाला होता, पण प्रोसेसर एएमडीचा राइझन ५ ५६००जी, आणि त्याला ईसीसी येतच नाही. कुठे एरर नाही, बीप नाही, काही नाही, ती रॅम साध्या रॅमसारखी मुकाट चालत राहिली.

म्हणून पहिलं काम रॅम शोधणं नाही, प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणं. मेमरी कंट्रोलर आजकाल प्रोसेसरच्या पोटात असतो, बोर्ड फक्त तारा आणून देतो, त्यामुळे ते जादाचे बिट वाचायचे की सोडून द्यायचे हे प्रोसेसर ठरवतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये ३६०० किंवा ५६०० सारखे ग्राफिक्स नसलेले राइझन चालतात, बोर्डाने साथ दिली तर. नावात शेवटी जी असेल तर नाही. जी असूनही चालायला हवा असेल तर नावात प्रो लागतं, म्हणजे राइझन ५ प्रो ४६५०जी किंवा प्रो ५६५०जी. आणि ५५०० च्या नावात जी नाही म्हणून हुरळून जाऊ नका, आतली चिप जीवाल्यांचीच आहे, तो टाळाच. इंटेलकडे तर अजून गंमत, आय३-८१०० आणि ९१०० ला ईसीसी आहे, सी२४६ चिपसेटच्या बोर्डावर, पण त्याच पिढीतल्या महागड्या आय७ ला नाही, आणि पुढच्या आय३-१०१०० लाही नाही. आय५-१२५०० ला परत आहे, पण डब्ल्यू६८० बोर्ड हवा. जास्त पैसे म्हणजे जास्त सोयी हे इथे विसरा.

बोर्डाचं थोडक्यात. स्पेकच्या पानावर ‘ईसीसी रॅम चालते’ एवढंच बघून थांबू नका, पुढे बारीक अक्षरात ‘नॉन-ईसीसी मोडमध्ये’ असं असतं कधीकधी, म्हणजे लावता येईल पण उपयोग शून्य. आणि त्याच पानाच्या तळाशी बऱ्याचदा प्रोसेसरची अट लिहिलेली असते. माझ्या बोर्डाच्या पानावरही होती. मी वाचली नाही.

आता रॅम. डीडीआर४ असेल तर इथेच सगळ्यात जास्त लोक आपटतात, कारण सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम, म्हणजे आरडिम, सेकंडहँड बाजारात ढिगाने आणि स्वस्तात मिळते, तीही ईसीसीच असते, तिलाही २८८ पिना असतात, घरच्या बोर्डात ती टक्क करून बसते पण. आणि मशीन चालू होत नाही. आपल्याला हवी अनबफर्ड ईसीसी, म्हणजे ईसीसी यूडिम. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, ‘ईसीसी आहे ना, मग झालं’ असं विकणारा म्हणणारच, तुम्ही स्टिकरचा फोटो मागा. पीसी४-२६६६ च्या पुढे डॅश देऊन ई असेल तर ही आपली, आर असेल तर रजिस्टर्ड, यू असेल तर साधी. स्टिकर खरवडलेलं असेल तर पार्ट नंबर बघा: सॅमसंगचा एम३९१ ने सुरू होणारा आपला, एम३९३ रजिस्टर्ड, एम३७८ साधा. किंग्स्टनच्या केएसएम२६ईडी८ मधला ई तोच, त्या जागी आर दिसला तर सोडा. तेही नसेल तर चिपा मोजा, आठच्या जागी नऊ, किंवा दोन्ही बाजू मिळून अठरा. मधोमध एक वेगळीच चिप बसलेली दिसली तर ते रजिस्टर, परत द्या.

डीडीआर५ मध्ये आरडिमची खाचच वेगळ्या जागी आहे, बसणारच नाही, सुटलो. पण तिथे दुसरी मेख, सगळ्याच डीडीआर५ वर ‘ऑन-डाय ईसीसी’ लिहितात, ते चिपच्या आतल्या आत असतं, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काही चुकलं तर त्याला पत्ता नसतो. ते आपलं ईसीसी नव्हे.

एवढा खटाटोप कशाला असं घरचे विचारतात. ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे, एक बिट उलटला तर दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. गुगलच्या सर्व्हरवरचा २००९ चा अभ्यास आहे, वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमकांड्यांमध्ये चुका सापडल्या. झेडएफएस डिस्कवरची चूक पकडतं, पण चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढायच्या आधीच रॅममध्ये बिट उलटला तर ते चुकीच्या डेटाचाच चेकसम काढून निवांत बसतं. ईसीसी नसेल तर झेडएफएस सगळा पूल, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून केलेला साठा, खाऊन टाकतं ही मात्र अफवा, बाकी फाइल सिस्टीमना असतो तेवढाच धोका.

पण हे सगळं कधी, प्रोसेसर ते बिट वाचत असेल तर! परत सांगते, जी आणि प्रो.

बोर्डाच्या क्यूव्हीएलमध्ये, म्हणजे कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत, तोच पार्ट नंबर मिळाला तर उत्तम, नसला तर तीच चिप, तोच स्पीड बघा. चारही स्लॉट ड्युअल रँक, म्हणजे चिपांचे दोन संच असलेल्या कांड्यांनी भरले तर राइझन ३००० आणि ५००० वर अधिकृत स्पीड २६६६ वर येतो, नॅसला काही फरक पडत नाही. ईसीसी आणि साधी मिसळू नका.

चालू झाल्यावर तपासा, त्याच दिवशी, चौदा महिन्यांनी नाही. लिनक्सच्या डीएमआयडीकोड कमांडमध्ये टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ दिसायला हवी, पण एवढ्यावर विसंबू नका, बायोस जे सांगतं तेच ते छापतं. कर्नल लॉगमध्ये ईडॅक (रॅमच्या चुका नोंदवणारा लिनक्सचा भाग) शोधा, एमसी० ची ओळ आली पाहिजे, नाही आली तर समजा दोष प्रोसेसरचा किंवा बायोसच्या सेटिंगचा. मग डिस्क काढून ठेवा, रॅमचा स्पीड थोडा थोडा चढवा, दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा हलतोय का बघा. हलला की स्पीड परत खाली. चुकांची नोंद ठेवणारा रासडेमन लावून ठेवा. यूपीएस, बॅकअप, ते तुम्हाला माहितीये.

माझा ५६००जी भाच्याच्या गेमिंगच्या पीसीत गेला, तिथे मजेत चाललाय.