जुन्या कॉम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड: दोष कसा ओळखावा, कार्ड कसे बदलावे

वरच्या मजल्यावरच्या काकू मोडी कागदांचे लिप्यंतर करतात. एका मॉनिटरवर स्कॅन केलेला कागद, दुसऱ्यावर टायपिंग, असा त्यांचा रोजचा तीन-चार तासांचा शिरस्ता. गेल्या पावसाळ्यात त्यांनी हाक मारली. "अरे, जरा वर येऊन बघ ना, अक्षरंच कळेनाशी झालीत." मोडी लिहिताना आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे काढतात. त्या रेघेला छेदत दर दोन बोटांवर एक हिरवी उभी पट्टी उतरली होती आणि मधल्या जागेत बारीक चौकटी लुकलुकत होत्या. कॉम्प्युटर २०१३चा, आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसरचा. आत मुलाने २०१४मध्ये गेम खेळायला घातलेले जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगून टाकले होते, "जुना झालाय, नवीनच घ्या."

मला ते पटले नाही. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क धड असेल तर असा कॉम्प्युटर कार्ड बदलून आणखी काही वर्षे आरामात चालतो. मात्र दोष कार्डातच आहे याची खात्री होईपर्यंत पाकीट उघडू नका. ही घाई मी स्वतः एकदा केली आहे. पडद्यावर रेषा दिसल्या, नवे कार्ड आणून बसवले, तरी रेषा जागच्या जागी. दोष निघाला व्हीजीए केबलच्या (मॉनिटरच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) एका वाकलेल्या पिनेत. तेव्हापासून मी ठरलेल्या क्रमानेच जातो.

आधी बाहेरून तपासा

केबल दोन्ही टोकांना काढा, पिना बघा, पुन्हा बसवा आणि तिचे स्क्रू आवळा. मग दुसरी केबल लावून बघा. मॉनिटर एखाद्या लॅपटॉपला किंवा सेट-टॉप बॉक्सला जोडा. तिथेही रेषा दिसल्या तर मॉनिटरच गेला, पुढचे काही करायचे कारण नाही.

आता एक सोपी युक्ती. पडद्यावर रेषा दिसत असतानाच प्रिंट स्क्रीन दाबून स्क्रीनशॉट काढा आणि तो स्वतःला मेल करून मोबाइलवर बघा. स्क्रीनशॉटमध्येही चौकटी असतील तर चित्र तयार होतानाच बिघडते आहे, म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम). स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर संशय केबल, मॉनिटर किंवा कार्डाच्या पोर्टवर घ्यायचा. काकूंच्या स्क्रीनशॉटमध्ये हिरव्या पट्ट्या जशाच्या तशा आल्या.

मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर जा. बहुतेक मदरबोर्डांवर त्यासाठी डिलीट किंवा एफ-टू दाबावे लागते. तिथे विंडोज नसते, ड्रायव्हरही नसतो. त्या पडद्यावरही पट्ट्या असतील तर दोष जवळपास नक्की हार्डवेअरचा. पट्ट्या फक्त विंडोजमध्ये येत असतील तर आधी ड्रायव्हर काढून नव्याने टाका. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, हा त्रास वेगळा. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिले नाही की विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या की हेच चालले आहे असे समजा. याचे कारण ड्रायव्हर, उष्णता, कमी पडणारा वीजपुरवठा किंवा मरणपंथाला लागलेले कार्ड, यांपैकी काहीही असू शकते.

चित्रच येत नसेल तर बीप ऐका. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. एएमआय बायॉसमध्ये आठ आखूड बीप म्हणजे डिस्प्ले मेमरीची. नुसत्या काळ्या पडद्याला मात्र रॅमही तितकीच जबाबदार असते. म्हणून रॅमच्या पट्ट्या काढून, एकेक बसवून बघा.

कार्ड काढून बघणे, हीच खरी परीक्षा

बटण बंद करून वायर भिंतीतून काढा. मग कॅबिनेटचे पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा, मगच आत हात घाला. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नका. त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही जोरदार झटका देऊ शकतात.

कार्डाला वरून वीज देणारी केबल असेल तर तिची चाप दाबून ती काढा. मागच्या पट्टीचा स्क्रू काढा. स्लॉटच्या टोकाला प्लॅस्टिकचा छोटा खटका असतो, तो दाबल्याशिवाय कार्ड निघत नाही. लोक इथेच हिसका देतात आणि स्लॉट मोडून बसतात. मोठ्या कूलरखाली बोट पोहोचत नसेल तर आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खटका दाबा, स्क्रू ड्रायव्हर घसरला तर मदरबोर्डावर ओरखडा जातो.

आता मॉनिटर मदरबोर्डाच्याच पोर्टला लावा. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतेच. नावात शेवटी एफ असेल तर नसते. त्याहून जुन्या कोअर टू ड्युओच्या काळात ते जी-३१, जी-४१ अशा मदरबोर्डांच्या चिपसेटमध्ये असे. रायझनच्या ७००० मालिकेआधीच्या प्रोसेसरांत मात्र सहसा नावात जी असेल तरच असते. कार्डाविना चित्र स्वच्छ आले तर दोष सापडला. काकूंकडे तसेच झाले.

इथे थोडे थांबून विचार करा. टायपिंग, बँकेची कामे, व्हिडिओ एवढेच करायचे असेल तर मदरबोर्डाचे ग्राफिक्स पुरते. नवे कार्ड घेऊच नका. काकूंना दोन मॉनिटर लागतात आणि त्यांच्या मदरबोर्डाला एकच व्हीजीए पोर्ट आहे, म्हणून आम्हाला पुढे जावे लागले.

पण आधी धूळ

काढलेले कार्ड हातात आहेच, तर ते साफ करून एक संधी द्या. काकूंची खिडकी रस्त्यावर उघडते आणि रस्त्याची कामे वर्षानुवर्षे चाललेली. पंख्याखालच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) धुळीचा असा थर बसला होता की तो बोटाने उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. त्यातून वारा जाणार तरी कसा?

मऊ पेंटब्रशने धूळ सोडवा आणि ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. तो भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होते. कार्डाच्या सोनेरी पट्टीवर पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या सुती फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यातल्या दमटपणाने या पट्टीवर काळपट थर चढतो आणि कित्येक कार्डे एवढ्यानेच चालू होतात. आठ-दहा वर्षांत चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्टही वाळून खडूसारखी होते. हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल करा, जुनी पेस्ट पुसा, चिपच्या मध्यभागी वाटाण्याहून लहान थेंब ठेवा आणि स्क्रू तसेच जोडीने आवळा. पेस्ट, अल्कोहोल, मल्टीमीटर हे सगळे पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत मिळते.

कार्ड परत बसवून एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. काम नसताना ३५ ते ५० अंश ठीक. ताण असताना सत्तरीत, ऐंशीच्या आसपास चालेल. नव्वदी ओलांडत असेल तर हवा खेळत नाही किंवा पंखा अडकतो आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आकडे आणखी वर जातात, हे धरून चाला.

सफाईनंतरही चौकटी राहिल्या तर कार्डाची मेमरी किंवा चिपखालचे टाके गेले आहेत. कार्ड ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त करण्याचे व्हिडिओ दिसतील. ते करू नका. त्याने मिळाले तर काही आठवडे मिळतात, आणि ज्या ओव्हनमध्ये घरचे जेवण होते त्यात सोल्डर आणि प्लॅस्टिकची वाफ भरते.

नवे कार्ड निवडताना

पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट असेल तर नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये सहसा चालते. अडते ते विजेपाशी आणि जागेपाशी. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनांच्या केबलमधून १५०. एसएमपीएसच्या स्टिकरवरचा मोठा आकडा सोडा. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि त्याला १२ने गुणा. खरी ताकद तेवढीच. जुन्या कॉम्प्युटरसाठी स्लॉटमधूनच पोट भरणारी कार्डे बरी: जीटी १०३० सुमारे ३० वॅट घेते, जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅट.

जीटी १०३० दोन प्रकारांत येते. खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलेले बघून घ्या, डीडीआर४चे बरेच मंद असते. जीटी ७१० स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, पण बऱ्याच कॉम्प्युटरांत ते मदरबोर्डाच्या ग्राफिक्सपेक्षा फार सरस नसते. आरएक्स ६४०० स्लॉटच्या चारच लेनवर (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गांवर) चालते, त्यामुळे जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचा वेग घटतो. इंटेल आर्क कार्डांना मदरबोर्डावर रीसाइझेबल बार ही सोय लागते. ती जुन्या मदरबोर्डांवर नसते, तेव्हा तिकडे वळू नका. यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) नसलेल्या जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपवर नवी कार्डे कधी कधी चित्रच देत नाहीत, म्हणून परत घेण्याची अट दुकानातच ठरवून घ्या. बारीक कॅबिनेट असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीची) पट्टी मागून घ्या आणि आतली लांबी टेपने मोजून जा.

मॉनिटर व्हीजीएचा असेल तर आणखी सावध राहा. जीटी १०३०च्या डीव्हीआय पोर्टमधून ॲनालॉग सिग्नल येतच नाही. साध्या डीव्हीआय-व्हीजीए जोडाच्या चार जादा पिनांना त्यात भोकेसुद्धा नसतात. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या.

वापरलेले कार्ड घेण्यात गैर काही नाही. मात्र इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग सप्टेंबर २०२२मध्ये बंद झाल्यावर दिवसरात्र राबलेली कार्डे बाजारात आली, त्यांची आठवण ठेवा. विकणाऱ्याच्या घरी जाऊन कार्ड वीस मिनिटे चालू अवस्थेत बघा. जीपीयू-झेड उघडायला सांगा. नाव बदललेल्या बऱ्याच नकली कार्डांपुढे तो प्रोग्रॅम फेक असे दाखवतो. जुन्या बाजारातून, रविवारी असो वा बुधवारी, न तपासता कार्ड उचलू नका.

बसवणे आणि पहिली सुरुवात

जुने कार्ड चालते आहे तोवर त्याचा ड्रायव्हर काढून टाका. कंपनी बदलणार असाल तर सेफ मोडमध्ये डीडीयू नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवा, तो उरलेसुरलेही साफ करतो. मग कॉम्प्युटर बंद, वायर बाहेर. कार्ड दोन्ही बाजूंनी सारखे दाबा, खटका टिक् वाजला पाहिजे. स्क्रू लावाच, नाहीतर एचडीएमआय केबलच्या वजनाने कार्ड हळूहळू तिरके होते. विजेची केबल असेल तर ती जोडा आणि मॉनिटर आता कार्डाच्या पोर्टला लावा. मदरबोर्डाच्या पोर्टला लावून "नवं कार्डही बंद" म्हणणारे फोन मला सर्वांत जास्त येतात.

चित्र आले नाही तर बायॉसमध्ये पहिला डिस्प्ले पीईजी किंवा पीसीआयई (म्हणजे स्लॉटमधले कार्ड) करा. त्यानेही जमले नाही तर वायर काढून, मदरबोर्डाची सीआर२०३२ बॅटरी दहा मिनिटे बाहेर ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. नंतर कार्डावर ताण टाकणारा फरमार्क हा प्रोग्रॅम दहा मिनिटे चालवून तापमान आणि पडदा दोन्हींवर नजर ठेवा. बिल आणि खोके वॉरंटीपुरते सांभाळा.

जुने कार्ड कचऱ्याच्या बादलीत टाकू नका, त्यात शिसे असू शकते. पुण्यात स्वच्छ या कचरावेचकांच्या संस्थेमार्फत ई-कचरा घेतला जातो.

काकूंना आम्ही जीडीडीआर५चे जीटी १०३० बसवले. एक मॉनिटर कार्डाच्या एचडीएमआयला आणि दुसरा, जुना व्हीजीएचा, मदरबोर्डाला. बायॉसमध्ये दोन्ही ग्राफिक्स एकत्र चालू ठेवण्याची सोय होती. स्कॅन उघडल्यावर त्या खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ गेल्या, रेघेवरून बोट फिरवत गेल्या आणि म्हणाल्या, "हा 'बापूजी' आहे बघ. मी दोन दिवस 'रामजी' वाचत होते."