डिस्कस आणण्याआधी: मिश्र टाकीच्या तयारीची यादी

मिश्र टाकीत, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र असलेल्या टाकीत, डिस्कस मासा खात नाही अशी तक्रार कानावर आली की मी खाद्याबद्दल आधी विचारतच नाही. पाण्याचं तापमान काय, टाकीत सोबतीला कोण आहे आणि डिस्कस एकूण किती, एवढं कळलं की बहुतेक वेळा उत्तर समोर येतं. हा मासा घाबरला, थंडावला किंवा एकटा पडला की सगळ्यात आधी तोंड बंद करतो. त्यामुळे त्याला खाऊ घालायची तयारी तो घरी येण्याच्या दीड-दोन महिने आधी सुरू होते. ही यादी त्याच क्रमाने लिहिली आहे.

पहिलं काम टाकीचं. डिस्कस मोठा झाला की पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि अंगाने ताटलीसारखा उभा असतो, म्हणून त्याला लांबीइतकीच उंचीही लागते. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत साधारण तीनशे लिटर पाणी मावतं. एका मोठ्या डिस्कसला चाळीस लिटर धरले तर सहा डिस्कस आणि थोडे लहान सोबती तिथे नीट राहतात. सहापेक्षा कमी आणू नका. मी एकदा तीन आणले होते. त्यातला सगळ्यात थोराड इतर दोघांच्या मागे लागला आणि सर्वांत लहान मासा हीटरच्या मागच्या कोपऱ्यात काळवंडून उभा राहिला. त्याच्यासमोर काय टाकावं याचा मी आठवडाभर विचार करत होतो, आणि खाद्यात काहीच खोट नव्हती. माशांची संख्या जास्त असली की दादागिरी विभागली जाते आणि कुणा एकावर सगळा मार येत नाही.

टाकी भरली की फिल्टर चालू करून अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात येतो तोच विषारी पदार्थ) घालायचा आणि मासे न सोडता वाट पाहायची. फिल्टरमधले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करायला लागेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. पाणी काचेसारखं दिसलं म्हणून टाकी तयार झाली असं नाही. आज घातलेला अमोनिया उद्यापर्यंत पूर्ण संपतो आणि नायट्राइटही शून्य येतं, हे टेस्ट किटवर सलग काही दिवस दिसायला हवं. डिस्कससाठी हा हट्ट जास्त धरायचा, कारण पाणी जितकं गरम आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; सातच्या खाली आम्लधर्मी) जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पीएच सातावरून आठावर गेला तर तो जवळजवळ दहापट होतो.

तापमान २८ ते ३० अंश ठेवा. यात तडजोड नाही. थंड पाण्यात डिस्कसचं पचन मंदावतं, भूक जाते आणि मग रोग शिरायला वेळ लागत नाही. हीटर एक मोठा घेण्याऐवजी दोन मध्यम घ्या; तीनशे लिटरला दीडशे वॅटचे दोन पुरतात. एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो, एक चालूच अडकला तरी एकटा पाणी उकळून टाकत नाही. वेगळा थर्मामीटर हवाच, हीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप किंवा पृष्ठभाग हलता ठेवणारा फिल्टरचा झोतही याच यादीत आला. झोत सौम्य असावा. संथ पाण्याचा मासा आहे हा, दिवसभर प्रवाहाशी झुंजत बसला तर थकतो.

पीएचच्या मागे मात्र फार लागू नका. नदीतून पकडलेल्या डिस्कसला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. टाकीत पैदास झालेले मासे साडेसहा ते साडेसात पीएचला छान राहतात. रोज औषधाचे थेंब टाकून आकडा खालीवर करण्यापेक्षा थोडा वर असलेला पण स्थिर आकडा बरा.

पाणी बदलायची सोय मासे येण्याआधीच लावून ठेवा: झाकणाचं पिंप, त्यात हीटर, सायफनची नळी आणि क्लोरीन काढणारं द्रव्य. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं, पण पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं टिकाऊ संयुग) असेल तर ते असं जात नाही, त्याला द्रव्यच लागतं. आठवड्याला तीस ते पन्नास टक्के पाणी बदलायचं आणि नवं पाणी टाकीतल्या पाण्याच्या एका अंशाच्या आत असावं. टेस्ट किटवर नायट्रेट वीस पीपीएमच्या (लिटरला वीस मिलिग्रॅम) खाली राहिलं तर समजा बेत जमला.

तळाला बारीक, गुळगुळीत वाळू, तीही एक-दोन सेंटिमीटरच. डिस्कस तोंडाने पाण्याची फुंकर मारून वाळू उडवतो आणि खालचं खाद्य उचलतो. जाड खडीत खाद्य खाली अडकून कुजतं आणि त्याचा हा छंदही हिरावला जातो. लपायला एक-दोन उभी लाकडं, उष्णता सोसणाऱ्या अनुबियाससारख्या वनस्पती. दिवा मंद.

आता सोबती, आणि इथेच बहुतेक मिश्र टाक्या फसतात. सोबत्याने तीस अंश सोसले पाहिजेत आणि जेवताना हावरटपणा करू नये. कार्डिनल टेट्रा, रमीनोज टेट्रा आणि तळाला स्टर्बाय कोरिडोरस हे माझ्या पसंतीचे. निऑन टेट्रा दिसायला कार्डिनलसारखाच, पण त्याला थंड पाणी मानवतं, म्हणून तो नको. टायगर बार्ब पर कुरतडतात. एंजलफिश नात्याने जवळचा असला तरी खाण्यात डिस्कसच्या कितीतरी पुढे असतो, शिवाय डिस्कसला बाधणारे परजीवी त्याच्याबरोबर येऊ शकतात. मोठा प्लेको आणि चायनीज अल्गी ईटर हे काचेला तोंडाने चिकटणारे मासे टाळाच. ते रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट स्राव खरवडतात. डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा हाच स्राव खाऊन वाढतात, इतका तो मोलाचा.

मासे निवडताना दहा सेंटिमीटरच्या आसपासचे निवडा. त्याहून लहानांना दिवसातून चार-पाच वेळा खायला आणि फार वरचेवर पाणी बदलायला लागतं, मिश्र टाकीत ते जमत नाही. अंग गोल, कपाळ भरलेलं असावं. अंगाच्या मानाने डोळा मोठा दिसला तर तो मासा खुरटलेला आहे. विकणाऱ्याला समोर खायला घालायला सांगा. न खाणारा मासा स्वस्त मिळाला तरी नको.

विलगीकरणाची साधी टाकी तयार हवी: तळ उघडा, स्पंज फिल्टर, हीटर, जाळी आणि सायफन वेगळे. चार ते सहा आठवडे तिथेच ठेवा आणि विष्ठेवर नजर ठेवा. गडद आणि भरीव असेल तर छान. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर पोट रिकामं असेल किंवा आतड्यात परजीवी असतील. एकाच कल्ल्याने श्वास घेत असेल तर कल्ल्यातल्या कृमींचा संशय घ्या. औषध जाणकाराला विचारूनच द्या, उगाच खबरदारी म्हणून नको.

खाद्यात बारीक बुडणारे दाणे, गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि आर्टेमिया (बारीक खारी कोळंबी) जमवून ठेवा. बीफहार्टने (गोवंशाच्या हृदयाच्या मांसाने) अंग लवकर भरतं, पण त्याचे कण मिश्र टाकीचं पाणी पटकन नासवतात, म्हणून मी ते वापरत नाही. डिस्कस सावकाश खातो, आधी बघतो, मग चाखतो. तोवर टेट्रा सगळं फस्त करतात. यावर उपाय सोपा आहे: टाकीच्या एका टोकाला तरंगणारं खाद्य टाकून टेट्रांना तिकडे गुंतवायचं आणि मिनिटभराने दुसऱ्या टोकाला डिस्कसचं बुडणारं खाद्य सोडायचं. जागा आणि वेळ रोज तीच ठेवा, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्या आणि वीस मिनिटांनी उरलेलं सायफनने काढून घ्या.

मासे येतील त्या दिवशी दिवा बंद, पिशवी विलगीकरणाच्या टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पहिल्या दिवशी खायला काही नाही. पुढचे तीन-चार दिवस एखादा मासा तोंड फिरवेल. त्याच्यापुढे ब्लडवर्मची छोटी चिमूट ठेवा आणि काचेपासून दूर जा. आठवड्यानंतरही तो खात नसेल तर खाद्य बदलण्याआधी थर्मामीटर पाहा, अमोनिया मोजा आणि दिवा मालवून पंधरा मिनिटं लांबून बघा, त्याला कोण हुसकावतंय ते.