ओपन सोर्समध्ये पहिला बग कसा नोंदवावा: ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या कामात, नव्याने येणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘बिनधास्त विचार, कुठलाही प्रश्न बावळट नसतो.’ दुसरा, ‘रीडमीतली (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमधली) एखादी स्पेलिंगची चूक सुधारून सुरुवात कर.’ पहिल्यात मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, वेळ जातो, दुसऱ्यात दोघांचाही. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे डिजिटलओशन कंपनीच्या ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, टी-शर्ट मिळावा म्हणून रीडमीत उगाच एखादा शब्द घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टचा (बदल स्वीकारा अशा विनंत्यांचा) इतका लोंढा आला, की डिजिटलओशनला ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून होकार देतील, तिथलंच काम धरायचं.

त्यापेक्षा तुम्हाला स्वतःला नडलेला एक बग घ्या. देवनागरीत लिहिणाऱ्यांना तो शोधायला फार फिरावं लागत नाही. समजा, लिब्रेऑफिस या ओपन सोर्स ऑफिस पॅकेजच्या रायटरमध्ये तुम्ही ‘दऱ्या’ टाइप केलं आणि पीडीएफमध्ये त्यावर रफार चढून ‘दर्या’ उमटलं. सह्याद्रीतून थेट अरबी समुद्रात. आता काय करायचं?

सुरुवातीचं झटपट

लिब्रेऑफिसची ताजी आवृत्ती टाका. मदत मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करून बघा. तिथे बग गेला तर दोष तुमच्या सेटिंगचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा. फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातली असेल तर इथेच थांबा, तो बग नव्हे.

मग बगझिलात, म्हणजे लिब्रेऑफिसचे बग जिथे नोंदवतात त्या साइटवर, शोधा. इथे ‘मराठी’ एवढंच टाकून भागत नाही. र चं हे अर्धं रूप नेपाळीतही वापरतात, आणि इंग्रजीत त्याला आयलॅश रा म्हणतात. तेव्हा ‘नेपाळी’ (Nepali) आणि ‘आयलॅश’ (eyelash) हेही शब्द इंग्रजीत टाकून बघा. जुना बग सापडला तर त्याखाली ‘मलाही हेच होतंय’ लिहू नका. आवृत्ती, फॉन्ट, ऑपरेटिंग सिस्टिम यातलं काही नवीन सांगण्यासारखं असेल तरच लिहा.

बग सोलणं

खरं काम हे. लोक अडतात ते इथेच. मलाही हे जमायला बराच काळ लागला, कारण ते कुणी शिकवतच नाही. चाळीस पानांचा प्रबंध जोडून ‘पान सतरावर बघा’ असं लिहिणारे रोज येतात. तो प्रबंध उघडून त्यातला दोष हुडकायचं काम मेंटेनरचं नाही, तुमचं आहे.

फाइलची प्रत काढा. अर्धा मजकूर उडवा. बग अजून दिसतोय? उरलेल्यातला अर्धा उडवा. गेला? मग उडवलेला अर्धा परत आणा आणि दुसरा उडवा. मजकूर संपत आला की तक्ते, तळटीपा, शीर्षलेख, शैली एकेक करून काढा. शेवटी कोऱ्या फाइलमध्ये फक्त ‘दऱ्या’ हा शब्द आणि तरीही बग, इथवर पोचायचं. इथवर पोचता पोचता कितीतरी बग नाहीसेच होतात, कारण ते बग नसतातच.

यात एक फायदा लोक विसरतात. बगझिलावर टाकलेली फाइल जगजाहीर होते. गुणपत्रिका, आधार क्रमांक, भाडेकरार असलं काही असलेल्या फायली लोक खुशाल जोडतात. एका शब्दाच्या फाइलमध्ये हा धोकाच उरत नाही.

आता एका शब्दावरच्या परीक्षा. पहिली: टाइप नेमकं काय झालंय? ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक, ऱ हे नुक्त्याचं अक्षर, हलन्त आणि य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबून ऱ येतो. दुसरी, साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे (ZWJ, अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी न दिसणारी खूण) आणि य. दिसायला सारखं, आतून वेगळं. म्हणून एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर सापडत नाही आणि लोक तोही बग समजतात. रायटरमध्ये अक्षर संपतं तिथे लगेच कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक येतो. झेडडब्ल्यूजे गळालेला असेल तर ‘दर्या’ दिसणं हेच बरोबर आहे आणि दोष तुमच्या कीबोर्डाचा, किंवा मजकूर जिथून चिकटवला तिथला.

दुसरी परीक्षा फॉन्टची. रायटरमध्ये देवनागरीचा फॉन्ट रोमनपेक्षा वेगळा ठरतो, त्यामुळे वरच्या पट्टीत दिसतं ते नाव आणि अक्षरांना प्रत्यक्षात लागलेला फॉन्ट एकच असेल असं नाही. निवडलेल्या फॉन्टात देवनागरी नसेल तर प्रोग्राम गुपचूप दुसरा फॉन्ट घेतो. पीडीएफ काढा आणि तिच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी वाचा. तिथलं नाव खरं. मग तोच शब्द लोहित, नोटो आणि मुक्त (Mukta) या देवनागरी फॉन्टांत लावून बघा. एकाच फॉन्टात बिघडत असेल तर बहुधा दोष त्या फॉन्टाचा, आणि बग लिब्रेऑफिसकडे नाही, फॉन्टवाल्यांकडे जायला हवा.

तिसरी: लिनक्सवर तोच शब्द, तोच फॉन्ट घेऊन फायरफॉक्समध्ये उघडा. अक्षरजुळणीचं काम फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस दोघेही हार्फबझ या एकाच सॉफ्टवेअरकडून करून घेतात. दोन्हीकडे बिघडलं तर संशय फॉन्टावर किंवा हार्फबझवर. फक्त लिब्रेऑफिसमध्ये बिघडलं तर बग त्यांचा. टर्मिनलची भीती नसेल तर हार्फबझच्याच एचबी-शेप (hb-shape) या प्रोग्रामला फॉन्टची फाइल आणि शब्द द्या. कोणती ग्लिफं (फॉन्टातली अक्षरचित्रं) निवडली गेली ते तो छापतो, आणि मग वादाला जागा उरत नाही.

हे काम चॅटबॉटवर सोपवू नका. कर्ल (curl) या ओपन सोर्स प्रोग्रामचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यंत्राने लिहिलेल्या खोट्या सुरक्षा-रिपोर्टांबद्दल जाहीरपणे वैतागून लिहीत आलेत. इंग्रजी तपासून घ्या हवं तर. निष्कर्ष मात्र तुमच्या डोळ्यांनी बघितलेला असावा.

लिहिणं

शीर्षक ‘देवनागरी नीट दिसत नाही’ असं नको. ‘पीडीएफ काढताना ऱ्य ऐवजी रफार येतो, अमुक फॉन्ट, अमुक आवृत्ती’ असं हवं. खाली तीन गोष्टी: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आवृत्तीची माहिती हाताने लिहू नका. ‘लिब्रेऑफिसविषयी’ या खिडकीत ती कॉपी करायचं बटण आहे. एका रिपोर्टात एकच बग.

आणि हे विसरू नका: वाचणारा जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये असेल, त्याला देवनागरीचा गंध नसेल. चुकीचा स्क्रीनशॉट त्याला चुकीचा वाटणारच नाही. शेजारी बरोबर रूपाचं चित्र लावा, फरकावर बाण काढा, आणि एका वाक्यात सांगा की एकाचा अर्थ डोंगरातल्या दऱ्या आणि दुसऱ्याचा समुद्र. युनिकोड मानकाच्या देवनागरी भागात या रूपाचा नियम दिलेला आहे, त्याचा दुवा द्या.

‘रिस्पेक्टेड सर’ काढा. समोरच्याचं नुसतं नाव लिहिणं तिथे उद्धटपणा नसतो, आणि ती व्यक्ती सर असेलच असंही नाही. ‘अर्जंट’ तर नकोच. तुमची शुक्रवारची डेडलाइन ही त्यांची अडचण नव्हे. मेंटेनरला खाजगी मेल टाकू नका. उघड्यावर विचारलेल्याचा उपयोग पुढच्या माणसालाही होतो.

वाट पाहणं

आठवडे जातात. कधी महिने. अधूनमधून विचारणा करायची तर हातात नवीन माहिती हवी: पुढच्या आवृत्तीत तपासलं, अजून आहे. नुसतं टोचत राहणं किती महागात पडू शकतं ते २०२४ मध्ये एक्सझेड (xz) या फायली आकुंचित करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रामच्या प्रकरणात दिसलं. एकट्याने ओझं वाहणाऱ्या मेंटेनरवर ‘पॅच (पाठवलेला बदल) कधी घेणार’ असा अनोळखी नावांनी दबाव आणला गेला, मदतीला आलेल्या एकाच्या हाती अधिकार गेले आणि त्यातून प्रोग्राममध्ये गुपचूप शिरकावासाठी मागचं दार (बॅकडोअर) बसवलं गेलं. तुमचा हेतू तसा नसेल, पण समोरच्याला तो कळायला मार्ग नाही.

कुणी आणखी माहिती मागितली की बगावर ‘नीडइन्फो’ असा शिक्का बसतो. उत्तर दिलं नाही तर काही महिन्यांनी तो आपोआप बंद होतो, त्यामुळे बगझिलाचे मेल स्पॅममध्ये जात नाहीत ना ते बघा. ‘नव्या आवृत्तीत तपासा’ असं उत्तर आलं की चिडायचं नाही. तपासायचं. बग गेलेला असेल तर कोणत्या आवृत्तीत गेला ते लिहून तुम्हीच बंद करा.